झाडं लावलेल्या दोन फुटी मत्स्यटाकीला दिवा कोणता आणि किती?

झाडं लावलेल्या नव्या टाकीत महिन्याभरात शेवाळ माजलं की बोल सहसा पाण्याला लागतो, नाहीतर माशांना घातलेल्या जास्तीच्या खाण्याला. बहुतेक वेळा कारण डोक्यावरच टांगलेलं असतं. दिवा टाकीच्या मानाने फार प्रखर असतो, किंवा दिवाणखान्याची शोभा म्हणून सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत जळत असतो. छोट्या टाकीत प्रकाश कमी पडून झाडं मेली असं क्वचितच होतं. प्रकाश जास्त झाल्याने टाकी हातची गेली असं मात्र वारंवार होतं.

भाताखाली जाळ किती ठेवायचा हे पातेल्यात पाणी किती आहे यावर ठरतं, तसंच इथे आहे. प्रकाश म्हणजे जाळ. झाडाला तेवढ्याच प्रमाणात कार्बन डायऑक्साइड आणि खत मिळत नसेल, तर वाढलेला प्रकाश झाडाच्या उपयोगाचा राहत नाही. तो शेवाळाच्या उपयोगाचा होतो, कारण शेवाळाचं पोट थोडक्यात भरतं. म्हणून दिवा शेवटी निवडायचा. आधी झाडं, मग टाकीचं माप, मग आकडा, आणि त्यानंतर दुकान.

आधी झाडांची यादी

अनुबियास, जावा फर्न, जावा मॉस, बुसेफॅलँड्रा आणि बहुतेक क्रिप्टोकोरिन ही सावलीत रमणारी झाडं. क्रिप्टोकोरिनच्या काही जाती आपल्याच सह्याद्रीतल्या आणि कोकण-गोव्यातल्या ओढ्यांत उगवतात. (म्हणून तिथून उपटून आणू नका. दुर्मीळ जाती त्यात असतात आणि ओढ्यातलं झाड टाकीत टिकतंच असंही नाही.) या गटाला कमी प्रकाश पुरतो, वेगळा कार्बन डायऑक्साइड सोडावा लागत नाही, वाढ सावकाश होते. टाकी पहिलीच असेल तर इथूनच सुरुवात करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मधल्या गटात व्हॅलिस्नेरिया, ॲमेझॉन स्वोर्ड, हायग्रोफिला, रोटाला रोटुंडिफोलिया, लुडविगियाच्या सोप्या जाती येतात. यांना मध्यम प्रकाश लागतो. कार्बन डायऑक्साइड नसला तरी चालतं, असला तर फरक डोळ्यांना दिसतो.

तिसरा गट हौसेचा आणि खर्चाचा: माँटे कार्लो किंवा क्यूबासारखी जमिनीलगत पसरणारी गालिच्याची झाडं, आणि गडद लाल रंगाची रोटाला मॅक्रँड्रा. ही मॅक्रँड्रा भारतातलीच, पण टाकीत भारी नखरेल. भरपूर प्रकाश, सिलिंडरमधून नियमित कार्बन डायऑक्साइड, रोजचं खत आणि आठवड्याला निम्मं पाणी बदलणं, यातलं एक जरी जमणार नसेल तर या गटाच्या नादी लागू नये. प्रकाश तेवढा मोठा आणून बाकीचं 'नंतर बघू' म्हणणं हा शेवाळाला बोलावण्याचा हमखास मार्ग.

एकाच टाकीत तिन्ही गट हवे असतील तर दिवा सर्वांत जास्त भुकेल्या झाडाप्रमाणे घ्यावा लागतो. मग अनुबियासच्या पानांवर हिरवे कडक ठिपके पडणार. त्याला मोठ्या झाडाच्या किंवा लाकडाच्या सावलीत लावलं तर निभावतं.

टाकीत खरं पाणी किती

आपल्याकडे टाकी फुटात विकली जाते आणि दुकानदार लिटर सांगतो ते काठोकाठचे. दोन फुटी म्हणून मिळणारी टाकी साधारण ६० सेंमी लांब, ३० सेंमी रुंद आणि ३८ सेंमी उंच असते. तिन्हींचा गुणाकार करून १००० ने भागलं की ६८ लिटर येतात. पण तळाला ५ सेंमी माती आणि वर ४ सेंमी रिकामी जागा धरली तर पाण्याची उंची २९ सेंमीच उरते, म्हणजे ५२ लिटर. दगड-लाकूड वजा जाता ५० लिटर धरा. आपली टाकी वेगळ्या मापाची असेल तर हाच हिशेब आतल्या मापांनी करा.

आता आकडा. पांढऱ्या एलईडीसाठी पहिल्या गटाला लिटरमागे १० ते २० ल्युमेन (दिवा एकूण किती प्रकाश देतो त्याचं माप), मधल्याला २० ते ४०, आणि तिसऱ्याला ४० च्या वर. म्हणजे ५० लिटरच्या टाकीला अनुक्रमे ५०० ते १०००, १००० ते २०००, आणि २००० च्या पुढे. हे ठोकताळे आहेत, दिवा विकत घेताना दिशा दाखवण्यापुरते. खोल आणि अरुंद टाकीत ते कमी पडतात, उथळ टाकीत जास्त होतात.

जुन्या दुकानांत अजून 'लिटरला एक वॉट' असं ठामपणे सांगितलं जातं. तो हिशेब जाड फ्लुरोसंट ट्यूबच्या काळातला आहे. वॉट म्हणजे दिवा वीज किती खातो, प्रकाश किती देतो ते नव्हे. आजचा चांगला एलईडी एका वॉटमागे १०० ल्युमेनच्या आसपास देतो. त्या जुन्या नियमाने ५० लिटरवर ५० वॉटचा एलईडी लावला, तर लिटरमागे १०० ल्युमेन झाले. एवढ्या उजेडात काय उगवेल ते सांगायला नको.

खोक्यावर काय वाचायचं

पहिला आकडा ल्युमेनचा. तो खोक्यावर छापलेलाच नसेल तर दिवा परत ठेवा. 'सुपर ब्राइट', '४८ एलईडी', 'प्लँट ग्रोथ' या शब्दांना काही अर्थ नाही. एलईडीच्या दाण्यांची संख्याही फसवी असते, कारण दाणा पाव वॉटचाही असतो आणि तीन वॉटचाही.

दुसरा आकडा केल्विनचा, म्हणजे प्रकाशाच्या रंगछटेचा. ६५०० केल्विन घ्या. घरगुती बल्बच्या खोक्यावर 'कूल डेलाइट' लिहिलेलं असतं ते हेच. ३००० केल्विनच्या पिवळट दिव्यात झाडं वाढतात, पण पाणी चहासारखं दिसतं. १०००० केल्विनच्या वरचे निळसर दिवे समुद्री टाक्यांसाठी असतात. त्यांत झाडांच्या उपयोगाचा तांबडा भाग फारच थोडा आणि आपली हिरवीगार झाडं आजारी दिसतात. ५००० ते ८००० च्या दरम्यान काय निवडायचं हा बराचसा आपल्या डोळ्यांचा प्रश्न आहे, झाडाचा नाही.

तिसरा आकडा रंग खरे दिसण्याचा, सीआरआय. ८० च्या वर असेल तर ठीक, ९० असेल तर मासे आणि लाल पानं खुलून दिसतात. झाडाच्या वाढीशी त्याचा संबंध थोडा, बघणाऱ्याच्या समाधानाशी जास्त.

इथे एक मेख आहे. ल्युमेन हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे. आपल्या डोळ्याला हिरवट-पिवळा प्रकाश सर्वांत उजळ वाटतो, निळा आणि तांबडा मंद वाटतो. झाड मात्र निळा आणि तांबडा आवडीने खातं, हिरवाही बऱ्यापैकी वापरतं. त्यामुळे लाल, हिरवे, निळे असे वेगवेगळे दाणे असलेल्या, 'आरजीबी' म्हणून मिळणाऱ्या खास टाकीच्या दिव्यांना ल्युमेनचा हिशेब लावू नये. ते खोक्यावर ल्युमेन कमी दाखवतात आणि झाडाला प्रत्यक्षात बरंच जास्त देतात. अशा दिव्यांसाठी विक्रेत्याकडे 'पार'चा आकडा मागा. पार म्हणजे झाडाच्या उपयोगाचा प्रकाश दर सेकंदाला दर चौरस मीटरवर किती पडतो त्याचं माप, एकक मायक्रोमोल. तो आकडा दिव्यापासून किती अंतरावर मोजला आहे हेही विचारा. अंतर न सांगता दिलेला पारचा आकडा निरुपयोगी. मातीच्या पातळीवर पहिल्या गटाला २० ते ३०, मधल्याला ४० ते ६०, तिसऱ्याला ८० च्या वर पार लागतो.

बाजारात काय मिळतं आणि त्यातलं काय घ्यावं

मत्स्यालयाच्या दुकानात सर्वांत आधी पुढे केली जाते ती पाण्यात बुडवायची नळी, पांढरे आणि निळे दाणे असलेली. गप्पी आणि गोल्डफिश चमकवायला ती ठीक आहे. झाडांसाठी घेऊ नका. प्रकाश तुटपुंजा असतो, ल्युमेन छापलेले नसतात, नळीवर शेवाळ धरतं, आणि वर्ष-दीड वर्षात टोकाच्या बुचातून पाणी आत शिरतं.

कमी खर्चात उत्तम काम करते ती घरात भिंतीला लावायची साधी एलईडी पट्टी, बॅटन. दोन फुटी, १० वॉटची, ६५०० केल्विनची बॅटन साधारण १००० ल्युमेन देते. एक लावली तर पहिल्या गटाची झाडं मजेत वाढतात, दोन शेजारी-शेजारी लावल्या तर मधल्या गटाची. मुंबईत लोहार चाळीत, पुण्यात तपकीर गल्लीत, किंवा कुठल्याही गावच्या विजेच्या दुकानात ती मिळते, बिघडली तर तासाभरात बदलता येते. हिची एकच मोठी उणीव म्हणजे ती ओलाव्यासाठी बनवलेली नसते. आत थेट २३० व्होल्ट असतात आणि टोकाच्या टोप्या नुसत्या दाबून बसवलेल्या असतात. तेव्हा ती उघड्या पाण्यावर लावू नका. टाकीवर ४ किंवा ५ मिमी जाडीची काच ठेवून तिच्या वर, निदान १० सेंमी उंचीवर, लाकडी किंवा ॲल्युमिनियमच्या चौकटीला पक्की बांधा.

१२ इंची चौकोनी टाकी असेल तर बॅटन लांबीला बसत नाही. तिथे टेबललॅम्पच्या दांड्यात ९ वॉटचा बल्ब पुरतो. असा बल्ब ९०० ल्युमेनच्या आसपास देतो, पण तो प्रकाश चहूकडे फेकतो. वर पांढरी किंवा चकचकीत शेड नसेल तर निम्म्याहून जास्त प्रकाश छताला आणि भिंतीला जातो. शेडसकट २० लिटरच्या टाकीला तो सोप्या झाडांसाठी पुरून उरतो, इतका की पहिल्या महिन्यात तो थोडा उंचच धरावा लागतो.

गालिचा किंवा लाल झाडं करायचीच असतील तर अंगणात लावतात तो एलईडी फ्लडलाइट हा हौशी लोकांचा आवडता जुगाड आहे, आणि तो खरोखर चालतो. २० वॉटचा फ्लडलाइट १८०० ते २००० ल्युमेन, ३० वॉटचा ३००० च्या आसपास देतो. प्रकाश सगळा खालच्या दिशेला, ॲल्युमिनियमचं अंग उष्णता बाहेर टाकतं, आणि आयपी ६५ दर्जा असला तर शिंतोड्यांची भीती नाही. (आयपी ६५ म्हणजे पाण्याचा फवारा सोसतो. पाण्यात पडलेलं सोसत नाही. बुडणं सोसायला ६७ किंवा ६८ लागतं.) दोन फुटी टाकीवर एकच फ्लडलाइट मध्यभागी टांगला तर दोन्ही टोकं अंधारी राहतात आणि मधली झाडं उफाळतात. ३० वॉटच्या एकापेक्षा १० किंवा १५ वॉटचे दोन, टाकीच्या लांबीचे चार भाग केले तर पहिल्या आणि तिसऱ्या खुणेवर, असे टांगा.

१२ व्होल्टच्या चिकटपट्टीवाल्या एलईडी पट्ट्यांपासून दिवा बनवणं हा हात चालणाऱ्यांचा मार्ग. मीटरला १४.४ वॉटची पट्टी घेतली, ६० सेंमीच्या दोन ओळी केल्या, तर १७.३ वॉट होतात. ॲडॅप्टर त्याच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या वर चालवू नये. म्हणून १२ व्होल्ट, २ अँपिअरचा (२४ वॉटचा) घ्या, १.५ अँपिअरचा नको. पट्टी थेट प्लायवुडवर चिकटवली तर दाणे तापून काही महिन्यांत मंद होतात. ॲल्युमिनियमच्या पन्हाळीत चिकटवा. अशा पट्ट्या वॉटमागे ६०-७० ल्युमेनच देतात, म्हणजे या दिव्याचे ११०० च्या आसपास झाले. फायदा असा की पाण्याजवळ १२ व्होल्टच येतात आणि ॲडॅप्टर व दिवा यांच्यामध्ये साधा डिमर घालून प्रकाश हवा तेवढा कमी करता येतो.

आणि खास टाकीसाठीच बनवलेले ब्रँडेड दिवे. पैसे असतील तर खुशाल घ्या. मिळतं काय तर एकसारखा पसरणारा प्रकाश, मोबाइलवरून मंद-तेज करण्याची सोय आणि लाल-हिरव्याला खुलवणारे रंग. पण एक लक्षात ठेवा, हे दिवे कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्या टाक्यांसाठी आखलेले असतात. सोप्या झाडांच्या टाकीवर ते शंभर टक्क्यांवर चालवणं म्हणजे दिवाळीच्या फटाक्याने उदबत्ती पेटवणं. ३० ते ४० टक्क्यांवर सुरुवात करा.

जांभळट-गुलाबी 'ग्रो लाइट'मध्ये झाडं वाढतात यात वाद नाही. पण टाकी बघायला ठेवतो ना आपण?

टांगायचं किती उंचीवर

उंची हा फुकटचा डिमर आहे. लांब पट्टी पाण्यापासून ५ सेंमीवरून १५ सेंमीवर नेली की तळाचा प्रकाश ठळकपणे कमी होतो. फ्लडलाइटसारख्या एका ठिपक्यातून येणाऱ्या प्रकाशात हा फरक आणखी मोठा. फ्लडलाइट पाण्याच्या वर २५ ते ३० सेंमीपासून सुरुवात करून दर पंधरा दिवसांनी ५ सेंमी खाली आणावा. उलट केलं, म्हणजे खालून सुरुवात करून शेवाळ आल्यावर वर नेला, तर आलेलं शेवाळ उंची वाढवल्याने जात नाही. ते हातानेच काढावं लागतं.

दिवा टाकीच्या मध्यरेषेपेक्षा दोन-तीन सेंमी पुढच्या काचेकडे असावा. मागे लावलेली उंच झाडं वरून वाकून पुढच्या जमिनीवर सावली टाकतात. दिवा मागे असेल तर ती सावली गालिच्यावरच पडते, आणि माशांची आपल्याकडची बाजू काळपट दिसते. फार पुढे आणला तर पुढची काच हिरवी होते.

दिवा जास्त झाला आहे आणि उंच करता येत नाही, तर दिव्याखालच्या काचेवर मच्छरदाणीची पांढरी जाळी एक थर अंथरा. प्रकाश साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाने कमी होतो. हे गावठी वाटेल पण बिनखर्चाचं आणि पूर्ण भरवशाचं आहे. २३० व्होल्टच्या एलईडीला पंख्याचा रेग्युलेटर लावून मंद करण्याचा उद्योग मात्र करू नका. बल्बवर 'डिमेबल' लिहिलेलं नसेल तर तो लुकलुकतो आणि आतला ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं सर्किट) लवकर जळतो.

सालव्हिनिया किंवा फ्रॉगबिटसारखी तरंगती झाडंही जाळीचंच काम करतात, वर पाण्यातलं जास्तीचं खतही शोषतात. फक्त त्यांनी पृष्ठभागाचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग व्यापला की मूठभर काढून टाकायची, नाहीतर खालची झाडं उपाशी.

मोबाइलने मोजणं

पार मोजायचं यंत्र एका टाकीसाठी विकत घेण्यात अर्थ नाही. लक्स (एका चौरस मीटरवर किती ल्युमेन पडतात त्याचं माप) मोजणारं मोफत ॲप मोबाइलवर घ्या. टाकीत पाणी भरण्याआधी, कोरड्या टाकीत, माती जिथपर्यंत येणार तिथे मोबाइल आडवा ठेवा. बहुतेक अँड्रॉइड फोनचा प्रकाशाचा सेन्सर पुढच्या कॅमेऱ्याजवळ असतो, तेव्हा पडदा वर हवा. खोलीतले बाकीचे दिवे बंद. डावं टोक, मध्य, उजवं टोक, पुढचे दोन कोपरे अशी पाच मापं घ्या आणि लिहून ठेवा.

६५०० केल्विनच्या पांढऱ्या एलईडीसाठी लक्सला ७० ने भागलं की पारचा अंदाज येतो. २१०० लक्स म्हणजे ३० पार, ४२०० म्हणजे ६०. फोनचा सेन्सर काही प्रयोगशाळेतला नाही, चौथ्या हिश्शाची चूक सहज असते. पण मध्याच्या मानाने कोपरा निम्म्याहून कमी आहे का, आणि वर्षभरानंतर तोच दिवा किती मंद झाला आहे, हे सांगायला तो उत्तम. आरजीबी दिव्याला हा ७० चा भागाकार लागू होत नाही.

दिवा अजून घेतलाच नसेल तर कागदावरही ताळा करता येतो. बिनशेडच्या बॅटनचा साधारण ४० टक्के प्रकाश तळाशी पोचतो असं धरा. १००० ल्युमेनचे ४०० उरले. दोन फुटी टाकीचा तळ ०.६ गुणिले ०.३ म्हणजे ०.१८ चौरस मीटर. ४०० भागिले ०.१८ म्हणजे सुमारे २२०० लक्स, म्हणजे तीस-बत्तीस पार. एका बॅटनवर अनुबियास, क्रिप्टोकोरिन खूश का असतात ते यावरून कळतं.

किती तास

नवी टाकी असेल तर पहिले तीन आठवडे ६ तास. त्यापुढे दर आठवड्याला अर्धा तास वाढवत ८ तासांवर थांबा. दहाच्या वर जाण्याचं कारण नाही. मंद दिवा जास्त तास ठेवून प्रकाशाची तूट भरून निघत नाही. झाडं त्याच अंधुक उजेडात कुढत राहतात, शेवाळाला मात्र तेवढे तास जास्त मिळतात.

हे ६ किंवा ८ तास आपण घरात असू तेव्हाचे ठेवा, उदाहरणार्थ दुपारी २ ते रात्री १०. सकाळीही टाकी बघायची असेल तर ४ तास सकाळी, मध्ये ४ तास बंद, आणि ४ तास संध्याकाळी असंही चालतं. सिलिंडर नसलेल्या टाकीत त्या मधल्या वेळात पाण्यातला कार्बन डायऑक्साइड थोडा भरून निघतो. सिलिंडर असेल तर तो दिवा लागण्याच्या एक ते दोन तास आधी सुरू व्हावा आणि दिवा विझण्याआधी एक तास बंद व्हावा. अंधारात झाडं तो वापरत नाहीत, आणि साचला की पहाटे मासे वर येऊन धापा टाकताना दिसतात.

खिडकीतून येणारं ऊनही हिशेबात धरा. पूर्वेच्या खिडकीतून दोन तास थेट ऊन टाकीवर येत असेल तर दिव्याचा कुठलाच हिशेब टिकत नाही. ऊन घरातल्या कुठल्याही दिव्याच्या कैक पट प्रखर असतं. टाकी हलवा, नाहीतर त्या बाजूच्या काचेला बाहेरून काळा कागद लावा.

टायमर घेतलाच पाहिजे. 'मी रोज आठवणीने बंद करतो' हे दोन आठवडे चालतं. खुंट्यांचा चकतीवाला टायमर स्वस्त आणि टिकाऊ, पण त्याचं घड्याळ विजेवर चालतं. दोन तास वीज गेली की ते दोन तास मागे पडतं, आणि लोडशेडिंगच्या गावात आठवड्याभरात दिवा मध्यरात्री जळताना सापडतो. अशा ठिकाणी आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या. वायफायवर चालणारा स्मार्ट प्लगही वीज आली की वेळ दुरुस्त करून घेतो, मात्र 'वीज आल्यावर आधीच्या स्थितीत जा' ही सेटिंग तपासा. विजेचा खर्च फार नाही. २० वॉटचा दिवा रोज ८ तास चालला तर महिन्याला पाचच्या आत युनिट होतात.

वायर आणि पाणी

दिव्याची वायर सॉकेटकडे सरळ न नेता आधी सॉकेटच्या खाली लोंबू द्या आणि मग वर न्या. वायरवरून ओघळलेलं पाणी त्या लोंबत्या भागातून जमिनीवर पडतं, प्लगमध्ये शिरत नाही. एक्स्टेन्शन बोर्ड टाकीखालच्या कपाटात जमिनीवर ठेवू नका, बाजूच्या भिंतीला उंच ठोका. धातूच्या अंगाच्या दिव्याला, विशेषतः फ्लडलाइटला, तीन पिनी प्लगच लावा आणि अर्थिंग खरंच चालू आहे याची इलेक्ट्रिशियनकडून खात्री करून घ्या. जुन्या इमारतींत तिसरी पिन नुसती शोभेची असते. घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर दिव्याच्या आधी तो बसवा. आणि टाकीत हात घालण्याआधी दिवा, हीटर, फिल्टर सगळ्यांचे प्लग काढा, प्रत्येक वेळी.

बंद झाकणाच्या आत दिवा ठेवला तर उष्णता अडकते. विदर्भातल्या मे महिन्यात टाकीचं पाणी एरवीच ३२ अंशांच्या पुढे जातं आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. उन्हाळ्यात झाकण काढून दिवा वर टांगा.

बिघडलं तर दोष कुणाचा

दांड्यावर पानांमधलं अंतर वाढलं, झाड काडीसारखं वर धावतंय, खालची पानं गळताहेत, गालिचा पसरण्याऐवजी उभा वाढतोय, लाल पानं हिरवी पडली: प्रकाश कमी. दिवा ५ सेंमी खाली आणा किंवा दुसरी पट्टी जोडा, तास वाढवू नका.

काचेवर आणि सावकाश वाढणाऱ्या पानांवर हिरवे, न पुसले जाणारे ठिपके: प्रकाश जास्त, बरेचदा जोडीला फॉस्फेट कमी. काच ब्लेडने खरवडा (ॲक्रिलिकची टाकी असेल तर ब्लेड नको, ओरखडे कायमचे), दिवा सहा तासांवर आणा. हिरवे केसासारखे धागे दातघासणीच्या ब्रशवर गुंडाळून ओढून काढा आणि प्रकाश कमी करा. पाणीच वाटाण्याच्या सूपासारखं हिरवं झालं असेल तर निम्मं पाणी बदलून टाकी काळ्या कापडाने पूर्ण झाका, तीन-चार दिवस दिवा बंद, हवेचा पंप चालू, माशांना खाणं बंद. कापड काढल्यावर पुन्हा निम्मं पाणी बदला, कारण मेलेलं शेवाळ पाण्यात कुजतं.

पहिल्या दीड-दोन महिन्यांत सगळीकडे बसणारा तपकिरी, बोटाने पुसला जाणारा थर दिव्यामुळे नसतो. तो नव्या टाकीचा रिवाज आहे, आपोआप जातो. काळी, झुबकेदार, दगडाला घट्ट चिकटलेली वाढ बहुधा कार्बन डायऑक्साइड कधी जास्त, कधी कमी होत असल्याची खूण. जुन्या पानांना टाचणीएवढी भोकं पडणं पोटॅशची कमतरता, नवी पानं पिवळट येणं बहुधा लोहाची. आणि दुकानातून आणलेल्या क्रिप्टोकोरिनची पानं आठवड्यात विरघळली तर घाबरू नका. रोपवाटिकेत हे झाड बरेचदा हवेत वाढवलेलं असतं. पाण्यातली नवी पानं मुळातून येतात, मुळं उपटू नका. या कुठल्याच गोष्टीसाठी दिव्याला हात लावायची गरज नाही.

एका वेळी एकच बदल करा आणि दोन आठवडे थांबा. झाडाला नवं पान काढायला तेवढा वेळ लागतो. आज उंची, उद्या तास, परवा खत असं केलं तर कशाने गुण आला ते कधीच कळत नाही.

दर पंधरा दिवसांनी दिव्याखालची काच पुसा. बोअरच्या जड पाण्याचे शिंतोडे वाळून पांढरा क्षार धरतो आणि प्रकाश गुपचूप घटत जातो. साध्या पाण्याने निघाला नाही तर कपड्यावर थोडं व्हिनेगर घेऊन पुसा, काच टाकीपासून दूर नेऊन. दोन-तीन वर्षांनी दिवा बदलाल तेव्हा त्याच वॉटचा नवा दिवा जुन्या, मंदावलेल्या दिव्यापेक्षा बराच प्रखर असणार. त्यामुळे तो लावल्यावर पहिले दोन आठवडे पुन्हा ६ तासांपासून सुरुवात करा.